कचऱ्यातून उमटलेला चेहरा

लांबून पाहिलं तर टबमध्ये मान कलंडून बसलेला एक माणूस दिसतो. जवळ जावं तर माणूस विरघळतो आणि उरतात टायर, बाटल्या, झाकणं, तुटकं प्लास्टिक.

हा फोटो ब्राझीलच्या विक मुनीझ यांचा. रिओ दि जानेरोजवळ, ग्वानाबारा उपसागराच्या काठी जार्दिम ग्रामाशो नावाचं प्रचंड डंपिंग ग्राउंड होतं. रोज हजारो टन कचरा येई. ट्रक रिकामा होताच विकता येईल असा माल शोधणारे कचरावेचक त्या ढिगाला भिडत. फोटोग्राफर तिथं नवे नव्हते. मार्कोस प्रादो 1990च्या दशकापासून तिथली माणसं टिपत होते. मुनीझ यांनी मात्र वेचकांनाच चित्र घडवायला बोलावलं.

आधी डंपवरच फोटो काढले. वेचकांच्या संघटनेचे अध्यक्ष तियाओ सांतोस टाकून दिलेल्या टबमध्ये बसले, जाक-लुई दाविदनं 1793 मध्ये रंगवलेल्या, फ्रेंच राज्यक्रांतीत खून झालेल्या क्रांतिकारी नेत्या मारासारखे. मला ही निवड विलक्षण वाटते, कारण राजकारणाचा धडा सांतोस यांनी कचऱ्यातूनच उचलला होता: तिथं सापडलेलं मॅकियावेलीचं सत्ताकारणावरचं पुस्तक 'द प्रिन्स' त्यांनी वाचलं होतं.

मग मोठ्या गोदामात तो फोटो प्रोजेक्टरनं वरून जमिनीवर पाडला आणि त्या उजेडावर वेचकांनी माल मांडला. दाट तिथं सावली, विरळ तिथं उजेड. कुंचला कुठेच नाही! क्षणात माल पारखणारे हातच इथं छटा पारखत होते. पण जमिनीवर उभं राहून चेहरा दिसत नाही, पायाशी नुसता पसारा. स्वतःला पाहायचं तर उंच परांचीवर चढायला हवं. कॅमेराही तिथूनच शेवटचा फोटो घेई. म्हणजे हे चित्र फक्त फोटोतच नांदतं.

लंडनच्या लिलावात सांतोस यांचा फोटो सुमारे 28 हजार पौंडांना गेला, आणि पैसे संघटनेला मिळाले. ल्यूसी वॉकर यांच्या 'वेस्ट लँड' (2010) या माहितीपटात हे सारं आहे. त्याला ऑस्कर नामांकनही मिळालं. फोटोंनी सगळं बदललं असं मात्र मी म्हणणार नाही. जून 2012 मध्ये डंप बंद झाला तेव्हा वेचकांना नुकसानभरपाई मिळाली, ती संघटना उभी होती म्हणून. आणि संघटना कॅमेरा येण्याआधीपासूनच होती.