आरलॉगिनची निवृत्ती

डिसेंबर २०१८मध्ये 'फ्रीबीएसडी' या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची बारावी आवृत्ती निघाली. नव्याची यादी नेहमीप्रमाणे लांबलचक होती. वगळलेल्यांत मात्र एक नोंद बोलकी होती : आरलॉगिन, आरएसएच आणि आरसीपी. 'आर' म्हणजे रिमोट, दूरचा. एका संगणकावर बसून दुसऱ्यात शिरायचे, तिथे आज्ञा द्यायची, फाइल इकडची तिकडे न्यायची, ही या तिघांची कामे.

तिघेही बर्कली विद्यापीठातले, १९८३च्या '४.२ बीएसडी'तून ते जगभर गेले. त्यांची खरी सोय ही की पासवर्डची कटकट नव्हती. विश्वासातल्या यंत्रांची नावे एका साध्या फाइलीत लिहून ठेवायची. त्यांपैकी एखाद्याने 'अमुक माणूस आला आहे' असे सांगितले, की दार उघडे. कोणी खोटे बोलेल ही शंका रचनाकारांना आली नव्हती असे नाही. युनिक्समध्ये जोडणीचे जे क्रमांकित दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. १०२४च्या खालचे पोर्ट फक्त 'रूट', म्हणजे यंत्राचा कारभारी, वापरू शकतो. निरोप तिथून आला, तर त्यामागे कारभारी आहे असे धरायचे. कपाटाएवढी यंत्रे, मोजके कारभारी, तेही बहुधा ओळखीचे. हिशेब चुकीचा नव्हता. वाड्यात दिवसा कुलपे लागत नसत, कारण जिन्यावर कोणाचे पाऊल वाजले ते सगळ्यांना कळत असे.

मग वाडा पडला. घरोघरी पीसी आले, ज्याचे यंत्र तोच कारभारी झाला, आणि १०२४ या आकड्याचा धाक संपला. त्याआधीच, २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने ही वाट वापरली होती : एक यंत्र हाती लागले, की त्याच्यावर भरवसा ठेवणारी इतरही लागत. शिवाय सगळे संभाषण उघड्यावर. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपले. त्यानंतर तिथल्या तातू युलोनेन यांनी सारे सांकेतिक करून पाठवणारे एसएसएच लिहिले.

त्याचा मुक्त अवतार, ओपनएसएसएच, फ्रीबीएसडीत २०००पासून आहे. मग जुने त्रिकूट पुढे अठरा वर्षे का टिकले? मला हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कुठल्याशा प्रयोगशाळेत रात्री चालणारी दहा ओळींची स्क्रिप्ट असते. ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. मुक्तस्रोताला ग्राहकांची नोंदवही नसते. काढल्यावर कोण ओरडते त्यावरून कोण वापरत होते ते कळायचे! म्हणून हे काम बेताबेताने होते. या आज्ञाही मूळ प्रणालीतून गेल्या, पण जास्तीच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात राहिल्या; हव्या त्याने मुद्दाम बसवून घ्याव्यात.

ठेवण्यालाही किंमत पडते. टेलनेटचा सर्व्हर फ्रीबीएसडीत २००१पासून बंद अवस्थेतच येत असे. तरी डिसेंबर २०११मध्ये त्यात असा दोष उघडकीस आला की परक्याला पासवर्डशिवाय रूटचे अधिकार मिळावेत. दोष होता नेमका टेलनेटला सांकेतिक करू पाहणाऱ्या भागात. नाताळच्या तोंडावर दुरुस्ती पाठवावी लागली, आणि हा सर्व्हर आणखी बारा वर्षे प्रणालीत राहिला. नोव्हेंबर २०२३च्या चौदाव्या आवृत्तीत तो गेला. टेलनेटने बाहेर जोडणारा प्रोग्राम मात्र ठेवला आहे. जुन्या राउटरांना आणि स्विचांना अजून तेवढीच भाषा येते.