निसर्गछायाचित्रांची समीक्षा आणि पूर्वपक्षाची शिस्त

शास्त्रचर्चेच्या आपल्या जुन्या परंपरेत एखाद्या मताचे खंडन करावयाचे झाल्यास प्रथम ते मत, ते मांडणाऱ्यास मान्य होईल अशा शब्दांत, सांगावे लागे. यालाच पूर्वपक्ष म्हणत. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला की त्यावरील उत्तरपक्षही दुबळाच ठरतो, हे त्या परंपरेतील अभ्यासकांस चांगले ठाऊक होते. निसर्गछायाचित्रांची समीक्षा करताना ही शिस्त क्वचितच पाळली जाते. चित्र समोर येते न येते तोच दोषांची मोजदाद सुरू होते. आणि बोलणारा कितीही जाणकार असला तरी छायाचित्रकाराच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

निसर्गछायाचित्राची स्थिती एका बाबतीत इतर छायाचित्रांहून वेगळी आहे. व्यक्तिचित्र घेणारा समोरच्या माणसास मान किंचित वळवावयास सांगू शकतो. स्थिरवस्तूंचे चित्र घेणारा फळे आणि भांडी मनाजोगती मांडू शकतो. डोंगरास काही सांगता येत नाही. कोठे उभे राहावयाचे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या प्रहरी, कोणती लेन्स लावावयाची, चौकटीत किती घ्यावयाचे, एक्स्पोजर किती द्यावयाचे आणि शेवटी प्रिंट कशी काढावयाची, एवढेच निर्णय छायाचित्रकाराच्या अधीन असतात. बाकी सारे त्या स्थळाचे आणि हवेचे असते. तेव्हा जी समीक्षा या निर्णयांपैकी एखाद्यापर्यंत पोहोचते तीच उपयोगी पडते. जी पोहोचत नाही ती फार तर समीक्षकाच्या आवडीनिवडीची नोंद असते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे सकाळी घेतलेले एक छायाचित्र चर्चेस आले आहे असे समजू. कडा काळवंडलेला आहे, खडकाचे थर एकमेकांत मिसळून गेले आहेत. ‘प्रकाश सपाट आहे,’ असा शेरा मिळतो. शेरा खरा आहे, परंतु त्यावरून पुढे काय करावे हे कळत नाही. कोकणकडा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असणार. समीक्षकाने ही गोष्ट ध्यानात घेऊन ‘सूर्य पश्चिमेस कलल्यावर याच जागेवरून पुन्हा पाहा, तिरप्या उन्हात बेसॉल्टचे आडवे थर उठून दिसतील’ असे म्हटले, तर तो शेरा एका निर्णयाला, म्हणजे वेळेच्या निवडीला, जाऊन भिडतो. पण येथेही घाई करून चालणार नाही. छायाचित्रकार मुळात खडकासाठी गेला होता काय? पावसाळी दिवसांत त्या कड्यावरून धुक्यात जे वर्तुळाकार इंद्रवज्र कधी कधी दिसते, त्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुके समोर खाली असावे लागते. कोकणाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसास ते सकाळीच दिसावयाचे. म्हणजे खडकासाठी जी वेळ चुकीची, तीच इंद्रवज्रासाठी एकमेव. त्या चित्रास इंद्रवज्राची वाट पाहावयाची होती की खडकाचे थर दाखवावयाचे होते, हे आधी ठरविल्याखेरीज प्रकाशाविषयीचा कोणताही निवाडा अधांतरीच राहतो. हेच चित्राच्या पूर्वपक्षाचे काम.

पूर्वपक्ष न मांडता केलेल्या समीक्षेस आधार म्हणून बहुधा नियम पुढे केले जातात. त्यांतला सर्वांत लोकप्रिय तृतीयांशाचा: चौकटीचे तीन भाग करावेत आणि क्षितिज मध्यावर न आणता त्यांपैकी एका रेषेवर ठेवावे. या नियमास हे नाव देणारा जॉन टॉमस स्मिथ हा इंग्रज रेखाटनकार. त्याचे ग्रामीण दृश्यांवरील पुस्तक १७९७ साली निघाले, म्हणजे छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जाहीर होण्यापूर्वी चार दशके. चित्र रंगविणाऱ्यास भूमी आणि आकाश, उजेड आणि अंधार यांचे प्रमाण कसे ठेवावे याविषयीची ती एक सूचना होती. सूचना म्हणून ती वाईट नाही, नवशिक्यास तिचा उपयोगही होतो. परंतु तिच्या बळावर एखादे चित्र बाद करणे म्हणजे वृत्तदर्पण हाती घेऊन मुक्तछंदातील मात्रा मोजत बसण्यासारखे आहे.

नियमांपेक्षाही अधिक खोलवर काम करतात ते मनात ठरून गेलेले नमुने. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि सिमल्यास राहून त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. १८६६ मधील प्रवासात साडेअठरा हजार फुटांच्या आसपासच्या मणिरंग खिंडीत त्याने काचेच्या पट्ट्यांवर चित्रे घेतली. ते काम किती कष्टाचे होते याची कल्पना आज येणे कठीण. असा हा कसलेला माणूस लंडनच्या छायाचित्रविषयक नियतकालिकात लिहिताना तक्रार करतो की, सिमल्याभोवतालच्या प्रदेशात तळी नाहीत, ओढे नाहीत, जुने पूल नाहीत, आणि त्यामुळे तो चित्रास सोयीचा नाही. त्याच्या मनातील चांगल्या निसर्गचित्राचा नमुना ब्रिटनमध्ये तयार झाला होता. हिमालय त्या नमुन्यात बसेना, तेव्हा दोष हिमालयाच्या पदरी आला. पुढे काश्मिरात पाणी भेटले तेव्हा त्याचे मन रमले. बोर्नने घेतलेली चित्रे त्याच्या या मताहून पुष्कळ मोठी आहेत, हे मात्र सांगितले पाहिजे.

आपल्याकडील चर्चांतही असे नमुने वावरत असतात, आणि त्यांचे परिणाम विद्यार्थ्याच्या कामावर होतात, म्हणून या मुद्द्यावर थोडे अधिक थांबणे इष्ट वाटते. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तेथील चित्र आणणाऱ्यास हमखास सांगितले जाते की, पवनचक्क्या टाळता आल्या असत्या तर बरे झाले असते. विजेचा खांब, झोपडीवरचा निळा प्लास्टिकचा कागद, खाणीने खरवडलेली टेकडी यांचीही तीच गत. दोन-तीन वेळा असे ऐकल्यावर विद्यार्थी शहाणा होतो. तो खांब चौकटीबाहेर ठेवू लागतो, पुढे संगणकावर तो पुसूनही टाकू लागतो; आणि मग वर्षाअखेरीच्या प्रदर्शनात सह्याद्रीची अशी चित्रे लागतात की, त्या डोंगरांत माणूस कधी राहिलाच नसावा. ही हानी तंत्राची नाही. स्थळाविषयी जे खरे होते ते न पाहण्याची सवय अशा शेऱ्यांमुळे लागते, आणि एकदा लागलेली ती सवय सुटणे अवघड असते.

१९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाऊस या संस्थेत विल्यम जेंकिन्स यांनी ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचे प्रदर्शन मांडले. रॉबर्ट ॲडम्स, लुइस बाल्ट्झ, स्टीफन शोअर, जर्मनीचे बेखर दांपत्य असे एकूण दहा छायाचित्रकार त्यात होते. उपनगरांतील नव्या घरांच्या रांगा, वाहनतळ, कारखान्यांच्या कोऱ्या भिंती हे त्यांचे विषय. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती चित्रे रूक्ष वाटली, यांत निसर्ग कोठे आहे असा प्रश्न पडला. प्रश्न स्वाभाविक होता. पण तो चित्रांना न विचारता स्वतःच्या अपेक्षेला विचारावयास हवा होता. माणसाने बदललेली भूमी हाच त्या चित्रांचा पूर्वपक्ष होता, आणि प्रदर्शनाच्या उपशीर्षकात तो स्पष्ट छापलेलाही होता. निसर्गछायाचित्राच्या इतिहासात त्या प्रदर्शनास आज जे स्थान आहे ते पाहता, त्या वेळच्या नापसंतीचा अभ्यास समीक्षकांनी अवश्य करावा.

मग समीक्षकाने प्रत्यक्षात बोलावे कसे? प्रथम वर्णन करावे, तेही विशेषणांवाचून. या कामी मराठी अभ्यासकाजवळ एक चांगले साधन आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांची जी चर्चा केली आहे, ती कृष्णधवल प्रिंटपुढे उभे राहून बोलताना फार उपयोगी पडते. काळा कडा आणि पांढरे धुके यांचा विरोध, थरांच्या आडव्या रेषांचा परस्परसंवाद, मोठ्या काळोख्या भागाला एका कोपऱ्यातील उजळलेल्या गवताने दिलेला तोल: असे बोलले की ‘छान’ आणि ‘जमले नाही’ या दोन शब्दांवाचून चर्चा चालू शकते. अर्थात मर्ढेकरांची परिभाषा येथे सर्वस्वी पुरी पडत नाही. निसर्गछायाचित्र एका विशिष्ट स्थळाची आणि क्षणाची साक्षही देत असते, आणि ती साक्ष केवळ लयीच्या हिशेबात मावत नाही. वरील पवनचक्क्या लयीच्या दृष्टीने अडचणीच्या असतील. साक्षीच्या दृष्टीने त्याच मुख्य असू शकतील.

वर्णनानंतर प्रश्न विचारावेत. अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतींवरील प्रतिसादाची जी पद्धती बसविली, तिच्यात मत लपवून ठेवलेले प्रश्न वर्ज्य आहेत. ‘आकाश इतके गडद का केले?’ हा प्रश्न दिसावयास प्रश्न आहे, वस्तुतः तो ठपका आहे. ‘आकाशाचा गडदपणा ठरविताना काय मनात होते?’ असे विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता असते. त्याच पद्धतीत मत सांगण्यापूर्वी कलावंताची अनुमती घेतात. आपल्या विभागांतील वडीलधाऱ्या वातावरणात हे थोडे कृत्रिम वाटेल. पण प्रश्नांविषयीचा संकेत पाळण्यास कोणाचीच हरकत नसावी. निवाडा शेवटी द्यावा, आणि तो जरूर द्यावा. सौजन्यापोटी निवाडाच टाळणारा समीक्षक विद्यार्थ्याचा वेळ तेवढाच वाया घालवितो जेवढा उतावळा समीक्षक घालवितो.

समीक्षा घेणाऱ्याची बाजू तुलनेने कमी बोलली जाते. पहाटे किती वाजता उठलो, किती चढ चढलो, किती वेळ पावसात उभा राहिलो, हे सांगण्याचा मोह निसर्गछायाचित्रकारास इतरांपेक्षा अधिक होतो. प्रिंटमध्ये त्यातले काही उतरलेले नसते. मायनर व्हाइट हा छायाचित्रकार व अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना चित्रासमोर प्रथम स्तब्ध बसून पाहावयास लावी. ती स्तब्धता चित्रकर्त्यानेही पाळावी हे उत्तम. चित्र बोलते की नाही हे त्याशिवाय त्याला कळणार नाही.

पण समीक्षा घेणे म्हणजे ती मुकाट्याने मान्य करणे नव्हे. आल्फ्रेड स्टिगलिट्झ याच्या व्यक्तिचित्रांचे सामर्थ्य समोर बसणाऱ्यांवरील त्याच्या मोहिनीत आहे, असे वॉल्डो फ्रँक या लेखकाने सुचविले होते. स्टिगलिट्झला ते झोंबले. त्याने १९२२ साली लेक जॉर्ज येथे ढगांची चित्रे घेण्यास प्रारंभ केला. ढगांवर कोणाची मोहिनी चालणार? ते सर्वांच्या डोक्यावर सारखेच असतात. पुढील वर्षी त्याने एका लेखात आपण ढगांकडे कसे वळलो हे सांगितले, आणि नंतर जवळजवळ दशकभर तो ढग टिपीत राहिला. त्या चित्रांची संख्या दोनशेच्या वर जाते. फ्रँकचे विधान आमच्या मते अन्यायाचे होते. तरीही त्याचे उत्तर युक्तिवादाने न देता कॅमेऱ्याने दिले गेल्यामुळे एका अन्याय्य शेऱ्यातून छायाचित्रणाच्या इतिहासातील एक मोठी मालिका उभी राहिली.

दुसरे उदाहरण स्वतःच स्वतःचा समीक्षक झालेल्या कलावंताचे आहे. ॲन्सेल ॲडम्सने न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे प्रख्यात चित्र १९४१ च्या शरदात घेतले. प्रकाशमापक हाताशी सापडेना, तेव्हा चंद्राची दीप्ती त्याला ठाऊक होती तिच्या आधारे त्याने एक्स्पोजर ठरविले; दुसरे घेण्यापूर्वीच स्मशानातील क्रुसांवरचे ऊन गेले. निवडीला दुसरी निगेटिव्ह नव्हती. होती तिचा खालचा भाग पातळ उतरला होता आणि प्रिंट काढणे त्रासाचे होई. १९४८ साली त्याने रासायनिक क्रियेने त्या भागाची घनता वाढविली. सुरुवातीच्या प्रतींत वरच्या आकाशात ढगांचे फिके पट्टे दिसतात. पुढील दशकांत ते आकाश जवळजवळ काळे होत गेले. जागा, वेळ, लेन्स हे सारे निर्णय १९४१ मध्येच संपले होते. प्रिंटचा निर्णय मात्र त्याने हजाराहून अधिक प्रती काढूनही खुला ठेवला. गडद प्रतींत नाट्य वाढले हे खरे. जुन्या प्रतींतील हवेचा ओलसर मऊपणा त्यांत हरवला, असे म्हणणाऱ्याचाही पूर्वपक्ष ऐकून घेण्याजोगा आहे.

चर्चासत्रापुरते बोलावयाचे तर, चर्चेनंतर काढलेली दुसरी प्रत विद्यार्थ्याने पहिलीच्या शेजारी लावावी, दोहोंच्या पाठीवर तारीख व कोणता निर्णय बदलला हे लिहावे, आणि पहिल्या वेळच्या समीक्षकासच पुन्हा पाचारण करावे. दुसरी प्रत पहिलीहून उणी उतरली असल्यास तेही तेथेच, त्याच्यासमोर, बोलले जावे.