ङादास : तेंगेर पर्वतातील एक शेतकरी गाव व तेथील बोली

जावा बेटाच्या पूर्व भागात मलांग शहराच्या पूर्वेस तुंपांग हे बाजाराचे गाव आहे. तेथून निघालेला रस्ता जंगल चढत तेंगेर पर्वताच्या कड्याकडे जातो, आणि ज्वालामुखीच्या विशाल कुहराच्या काठास भिडण्यापूर्वी जी शेवटची मोठी वस्ती लागते ती ङादास होय. गावाची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक आहे व लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. घरे डोंगराच्या सोंडेवर दाटीने बसलेली, आणि त्यांच्या भोवती, खाली, वर, जिथवर उभे राहता येईल तिथवर बटाटा, कोबी व कांद्याच्या पातीची शेते. याच नावाचे दुसरे एक गाव पर्वताच्या पलीकडील बाजूस प्रोबोलिंगो जिल्ह्यात आहे. प्रस्तुत लेखातील गाव मलांग जिल्ह्यातील. नावाच्या आरंभीचा वर्ण वाचकांना अडखळवील. आपल्या वर्णमालेत ‘ङ’ पाठ करून घेतला जातो, पण एकही मराठी शब्द त्याने सुरू होत नाही. जावानी भाषेत मात्र तो शब्दारंभी सर्रास येतो, आणि आपली लिपी तो उच्चार रोमन लिपीहून अधिक नेटकेपणाने लिहू शकते.

तेंगेर लोकांविषयी भारतीय वाचकांच्या कानावर काही आले असेल, तर ते बहुधा एका कथेच्या रूपाने. मजपहित हे जावातील अखेरचे मोठे हिंदू राज्य सोळाव्या शतकाच्या आरंभी लयास गेले, तेव्हा धर्मरक्षणासाठी काही लोक डोंगरात पळाले व त्यांचे वंशज आजतागायत तेथे प्राचीन धर्म व भाषा जपून आहेत, अशी ती कथा. तेंगेर लोकांची स्वतःची दंतकथाही हिच्याशी जुळते. रारा आंतेंग ही राजकन्या व जाका सेगेर हा तिचा पती. दोघांच्या नावांतील अखेरची अक्षरे जोडून ‘तेंगेर’ झाले. त्यांना पर्वतदेवतेच्या कृपेने पंचवीस मुले झाली, आणि नवसाप्रमाणे धाकट्या कुसुमास ब्रोमो ज्वालामुखीच्या स्वाधीन करावे लागले. कथा सुंदर आहे. परंतु पळून आलेल्या लोकांनी हा डोंगर वसविला हे मानण्यास एक मोठी अडचण आहे. मजपहित राज्य उभे असतानाच्या काळातील एका ताम्रपटात या भागातील वालांदित नावाच्या गावास ब्रोमो पर्वताची उपासना करीत असल्याबद्दल करमुक्ती दिल्याचा उल्लेख आहे. डोंगर व त्याचे उपासक तेथे आधीपासूनच होते.

मग भाषा काय सांगते? भाषेच्या पुराव्याची पहिली ओळख आपल्याकडील वाचकास सुखावणारी आहे. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. त्याच्या दक्षिणेचा सेमेरू, ३६७६ मीटर उंचीचा जावातील सर्वांत उंच पर्वत, म्हणजे सुमेरू. गावास ‘देसा’ म्हणतात. तो आपला ‘देश’. मात्र सर्वांत मौजेची आहे ती महिन्यांची नावे. तेंगेर पंचांगात बारा महिने आहेत. पहिला कासा, दुसरा कारो, तिसरा कातिगा, चौथा कापात, याप्रमाणे दहाव्या महिन्यापर्यंत केवळ जावानी क्रमवाचक संख्या चालतात; अकराव्यास अचानक ‘देस्ता’ व बाराव्यास ‘सादा’ किंवा ‘कासादा’ म्हटले जाते. देस्ता हा ज्येष्ठ, आणि सादा हा आषाढ. दहा महिन्यांची संस्कृत नावे लोकव्यवहारातून गेली व शेवटची दोन टिकली, हे जावा व बाली या दोन्ही बेटांवर आढळते. ‘कासादा’ या रूपात मात्र आधीच्या नावांच्या धर्तीवर पुढे ‘का’ जोडला गेला आहे. म्हणजे बोलणाऱ्यांच्या लेखी आषाढही एक संख्याच झाला.

या कासादाच्या पौर्णिमेच्या सुमारास तेंगेर गावागावांतील लोक रात्री कुहरातील वाळूच्या मैदानात जमतात आणि पहाटे ब्रोमोच्या मुखाशी चढून भाजीपाला, धान्य, कोंबड्या, पैसे आत अर्पण करतात. कित्येक माणसे आतील उतारावर जाळी धरून उभी असतात व टाकलेले झेलतात. त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. त्याच रात्री नव्या पुरोहितांची परीक्षा होते. पुरोहितास ‘दुकुन’ म्हणतात, आदराने ‘दुकुन पांदिता’. ‘पांदिता’ हा आपला पंडित. उमेदवाराने मंत्र न अडखळता म्हटला पाहिजे. अडखळला तर पुन्हा पुढच्या वर्षी.

इतके वाचून ‘ही तर आपलीच माणसे’ असे वाटल्यावाचून राहत नाही. बृहत्तर भारताविषयी आपल्याकडे जे पुष्कळ लिहिले गेले, त्याचा बराचसा भाग अशा शब्दसाम्यावरच उभा आहे. परंतु शब्द कोठून आला हे कळले म्हणजे तो बोलणारा माणूस कळला, असे होत नाही. ङादासच्या बाबतीत तर शब्दमोजणीने निष्कर्ष नेमका उलटा निघतो. तो कसा, हे सांगण्यासाठी जावानी भाषेची घडण थोडी पाहावी लागेल.

तेंगेर बोली ही जावानी भाषेचीच एक बोली आहे. स्वतंत्र भाषा नव्हे, आणि प्राचीन कावीही नव्हे. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जावाच्या इतिहासात रॅफल्सने तेंगेर लोकांचे वर्णन केले आहे. त्याने सुमारे शंभर शब्द सखल प्रदेशातील भाषेशी ताडून पाहिले, तेव्हा दोनच वेगळे निघाले. फरक आहे तो मुख्यतः उच्चारात व सर्वनामांत. सुरकर्ता व योग्यकर्ता या दरबारी केंद्रांच्या प्रमाण जावानीत शब्दान्तीचा ‘आ’ हा ‘ऑ’कडे झुकतो, व त्याच्या आधीच्या अक्षरातील ‘आ’ही त्याच्या मागे जातो. ‘आपा’ (काय) याचा उच्चार ‘ऑपॉ’ होतो. ब्रह्माचा ‘ब्रोमो’ झाला तो याच नियमाने, म्हणजे पर्वताचे जगप्रसिद्ध झालेले नाव हे खालच्या लोकांच्या तोंडचे आहे. तेंगेर बोलीत जुना ‘आ’ तसाच राहिला आहे. छापील मजकुरात सणाचे नाव कधी ‘कासादा’ तर कधी ‘कासोदो’ असे आढळते, त्याचे कारण हेच.

प्रमाण जावानीचे दुसरे वैशिष्ट्य अधिक खोलवर जाणारे आहे. मराठीत आपण तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्यांनी मान दर्शवितो. क्रियापदाचे रूप तेवढे बदलते. जावानीत नाम, क्रियापद, विशेषण, अव्यय असे अवघे वाक्य बदलते. साध्या थरास ‘ङोको’ म्हणतात व आदरार्थी थरास ‘क्रामा’. हा आपला ‘क्रम’ शब्द. घर ङोकोत ‘ओमाह’, क्रामात ‘ग्रिया’. पाणी ङोकोत ‘बान्यू’, क्रामात ‘तोया’. माती ‘लेमाह’, क्रामात ‘सिती’. श्रेष्ठ व्यक्तीच्या हातास ‘आस्ता’, डोक्यास ‘मुस्ताका’ व अपत्यास ‘पुत्रा’ म्हणावे लागते. गृह, तोय, क्षिती, हस्त, मस्तक, पुत्र हे शब्द येथे मानाची वस्त्रे म्हणून वापरले गेले. गड्याशी बोलताना ‘पाणी’ व इनामदारापुढे ‘उदक’, आणि चूक झाल्यास तो अपमान, अशी व्यवस्था मराठीत कल्पून पाहावी.

ङादासमध्ये गावकरी आपसांत बोलतात ती प्रामुख्याने ङोको. परंपरेने तेथे क्रामा ही बाहेरच्या अधिकाऱ्याशी किंवा परक्या पाहुण्याशी बोलण्याची भाषा. शेजाऱ्याशी बोलण्याची नव्हे. याचा अर्थ असा की, मलांगच्या बाजारातील एखादा सश्रद्ध मुसलमान व्यापारी सभ्यपणे बोलू लागला की त्याच्या तोंडून जितके संस्कृत शब्द निघतात, तितके पुरातन हिंदू आचार सांभाळणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात निघत नाहीत. संस्कृत शब्दांची संख्या हे माप धरले, तर तेंगेर लोकच कमी भारतीय ठरतील. माप चुकीचे आहे. संस्कृत जावात धर्माबरोबर गेली हे खरे. पण पुढे ती दरबाराची झाली, आणि तेंगेर डोंगरात दरबार नव्हता.

आदर तेथे नाही असे मात्र कोणी समजू नये. तो सर्वनामांत आहे. बरोबरीच्या वा लहान व्यक्तीस ‘सिरा’ म्हणतात, वडीलधाऱ्यांस ‘रिका’. म्हणजे मान वयाला आहे. कुळाला वा हुद्द्याला वेगळा शब्दसंग्रह नाही. ‘मी’ म्हणताना पुरुष ‘रेआंग’ म्हणतो व स्त्री ‘इसुन’. मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ असा भेद क्रियापदात होतो. येथे तो सर्वनामातच झाला. यांतील ‘इसुन’चे सख्खे रूप ‘इङ्सुन’ हे दरबारी वाङ्मयात राजाने स्वतःविषयी वापरावयाचे सर्वनाम आहे. राजाचा शब्द शेतकऱ्याच्या बायकोने चुलीपाशी सहज वापरावा, यात बंड काही नाही. तिच्या भाषेत तो राजाचा कधी झालाच नव्हता. चुलीचा उल्लेख ओघात केला, पण तेंगेर घरात ती महत्त्वाची जागा आहे. थंडी कडक असते, कोरड्या ऋतूतील पहाटे कधी दंव गोठते, आणि पाहुण्यास बाहेरच्या खोलीत न बसविता स्वयंपाकघरात चुलीशी बसविणे हेच आतिथ्य समजले जाते.

भाषेची ही सपाट घडण व जमिनीची व्यवस्था यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. जावातील राज्ये उभी राहिली ती ‘सावाह’वर, म्हणजे पाणी खेळविलेल्या भातखाचरांवर. भाताचा साठा होतो, त्यावर कर बसतो, कर गोळा करणारे वर्ग निर्माण होतात. दोन हजार मीटरांवर भात पिकत नाही. तेथे असते ‘तेगाल’, पावसावरचे कोरडे शेत. कित्येक पिढ्या तेंगेर लोकांचे मुख्य अन्न मका होते. पांढरा मका भिजवून, दळून व वाफवून केलेला ‘आरोन’ हा त्यांचा भात. या उंचीवर मक्यास वर्षाचा मोठा भाग लागतो. अशा पिकावर जमीनदार पोसला जात नाही. गावप्रमुख ‘पेतिंगी’ व दुकुन हे दोघेही स्वतः शेत कसणारेच असत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेफ्नर यांनी १९८५ व १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन ग्रंथांत तेंगेर धर्म व शेती यांचा सखोल अभ्यास मांडला आहे, आणि नॅन्सी स्मिथ-हेफ्नर यांनी तेथील भाषाव्यवहाराचा. या विषयात शिरू इच्छिणाऱ्याने त्यांना वगळून चालणार नाही.

१९७० नंतर हे चित्र झपाट्याने पालटले. रासायनिक खते, कीटकनाशके व मोटारीचा रस्ता यांनी बटाट्यास राजा केले. तो तीन-चार महिन्यांत निघतो व शहरात रोख विकला जातो. घरात विकतचा तांदूळ आला आणि आरोन मागे पडला. बटाट्याच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून सऱ्या उताराच्या दिशेनेच ओढतात. पीक वाचते, माती खाली जाते. नवी जमीन फोडण्यास वाव नाही, कारण १९८२ मध्ये भोवतालचा प्रदेश ब्रोमो-तेंगेर-सेमेरू राष्ट्रीय उद्यान झाला व ङादास त्याच्या पोटातील बेटासारखे राहिले. गावच्या रूढीने जमीन परक्यास विकता येत नाही. या एका रूढीने गावाची जमीन गावातच राहिली आहे. गावातल्या गावात कोणाकडे किती, हा प्रश्न तिने सुटत नाही.

धर्माची गोष्टही एका शब्दाभोवती फिरते. जावात इस्लामपूर्व सर्व आचारधर्मास ढोबळपणे ‘बुदा’ म्हणत. त्यात शैव, बौद्ध असा भेद नसे. तेंगेर लोकही आपल्या धर्माचे नाव बुदा असेच सांगत. स्वतंत्र इंडोनेशियात प्रत्येकाने मान्यताप्राप्त धर्मांपैकी एक नोंदविणे आवश्यक झाले, तेव्हा १९७३ च्या सुमारास बहुतेक तेंगेर गावे हिंदू संघटनेशी जोडली गेली; त्यांच्या मंत्रांतील शैव अवशेष पाहता ते सयुक्तिकही होते. ङादासमध्ये मात्र आज बौद्ध, मुसलमान व हिंदू अशी तिन्ही घरे आहेत, आणि बौद्धांची संख्या लक्षणीय आहे. दुसऱ्या महिन्यातील ‘कारो’ सण तिघेही करतात. त्यात पितर घरी येतात अशी समजूत असून, थडग्यांवर जाण्याच्या जावानी प्रथेचे नाव ‘न्याद्रान’ हे ‘श्राद्ध’ शब्दापासून आलेले आहे. घरोघर जाऊन जेवावे लागते, आणि कोणाच्याही घरी नकार देणे बरे दिसत नाही.

मुले आता शाळेत बहासा इंडोनेशिया शिकतात, आणि पुढील शिक्षणास मलांगकडे गेली की गावंढळ ठरू नये म्हणून क्रामाही शिकतात. ‘रेआंग’ म्हटल्यावर शहरात हसू होते. त्यामुळे बोलीचा जो भाग सर्वांत आधी जाण्याचा धोका आहे, तो सर्वनामांचा. म्हणजे नेमका तो भाग, ज्यात या गावाची समतेची रीत साठविली आहे. उच्चाराचे तसे नाही. मलांगच्या बाजारात ‘काय?’ यास ‘ऑपॉ’ म्हणतात. ङादासमधील मूल घरी तेंगेर बोलीत ‘आपा’ म्हणते, आणि शाळेत राष्ट्रभाषेतही ‘आपा’ असेच म्हणावयाचे असते.