सपाट मुलखातली पायपीट

फर्स्ट इयरला सह्याद्रीकडची पोरं हॉस्टेलला आली की पहिल्या महिन्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘इथे ट्रेकिंगला काय आहे?’ आणि सीनियर लोकांचं उत्तरही ठरलेलं, ‘पाण्याची टाकी आहे, चढ!’ मग तो बिचारा चार वर्षं सॅक कपाटावर टाकून देतो आणि दिवाळीत घरी गेला की हरिश्चंद्रगड करतो. मी स्वतः त्याच भागातला. गेली तीन वर्षं मात्र सेवाग्राम-वर्ध्याच्या आसपास दर हिवाळ्यात सात-आठ तरी मोठ्या पायपिटी केल्या. सपाट मुलखात दिवसभराची चाल काढता येते आणि चांगली काढता येते, फक्त ती शोधायची रीत डोंगरातल्यापेक्षा वेगळी आहे. ती रीत सांगावी म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित, कारण आपण इंजिनिअर! १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा दिला. दर तीन मैलांना एक तास, आणि वर चढाव्या लागणाऱ्या दर २००० फुटांना आणखी एक तास. आता बारी गावातून कळसूबाई घ्या. चढ साधारण ३००० फूट, म्हणजे जादा दीड तास. दीड तासात सपाटीवर सात किलोमीटर होतात. वाट एका बाजूने सहा-साडेसहा किलोमीटरची. जाऊन-येऊन सगळं मिळून कळसूबाई म्हणजे सपाटीवरचे वीस किलोमीटर! उतरताना गुडघ्यांचे जे हाल होतात ते या हिशोबात नाहीत, मान्य. पण इथे पंचवीस किलोमीटर चालणारा माणूस कळसूबाईवाल्यापेक्षा कमी दमत नाही, एवढं खरं. डोंगरात जे काम उंची करते ते इथे अंतर करतं. म्हणून पहिला नियम, दहा किलोमीटरची चाल इथे काढूच नका. ती मॉर्निंग वॉकसारखी वाटते आणि सगळे कंटाळतात. वीसच्या वरच खरी मजा सुरू होते.

दुसरी गोष्ट क्षितिजाची. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असतात. उंचीचं वर्गमूळ (मीटरमध्ये) गुणिले ३.५७ केलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, ते साडेचारच्या आसपास येतं. आपला चालण्याचा वेगही तासाला तेवढाच. म्हणजे सपाटीवर क्षितिज कायम एक तास पुढे! पंधरा मीटर उंचीची गावाची टाकी मात्र हवा स्वच्छ असेल आणि मध्ये झाडं नसतील तर तत्त्वतः अठरा किलोमीटरवरून दिसू शकते. ती दिसते, पण येत नाही, तास-तास येत नाही. नवख्या माणसाचा धीर नेमका इथे सुटतो. म्हणून वाट अशी निवडायची की लांबची टाकी एकटीच समोर राहू नये. तासा-दीड तासाने काहीतरी हाताशी आलं पाहिजे. नदी, जुनं देऊळ, चहाची टपरी, काहीही चालेल.

मग वाट शोधायची कशी? डांबरी रस्ता धरून चालणं म्हणजे शिक्षा. ट्रकचा धूर, तापलेलं डांबर, आणि चौपदरीकरणात सावलीही गेलेली. या भागात चालायच्या खऱ्या वाटा दोन, पांधण आणि कालव्याचा काठ. पांधण म्हणजे वावरांच्या मधून जाणारी बंडीवाट. दोन्ही धुऱ्यांवर बाभळी, बोरी, मधूनच एखादा कडुनिंब. कित्येक पांधणी इतक्या दाट असतात की आत शिरलं की ऊन थेट लागतच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ओपन सिरीजचे १:५०,००० चे नकाशे घेता येतात. आपला भाग ५५ एल या क्रमांकाखाली येतो. सिव्हिलच्या पोरांनी सर्व्हेइंगच्या जर्नलपुरते पाहिलेले असतात, तेच. त्यावरच्या तुटक लाल रेषा म्हणजे गाडीवाटा. मोबाइलवरच्या उपग्रह चित्रात त्याच जागी झाडांची हिरवी दोरी दिसली तर पांधण जिवंत आहे. दोरी मध्येच तुटली असेल तर समजायचं, कुणीतरी नांगरून टाकली. हे प्रकार गावोगाव आहेत आणि त्यावरून तहसीलमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालतात. तिथे आपण शहाणपणा करायचा नाही. वावरात माणूस दिसला तर विचारायचं, नाहीतर धुऱ्याधुऱ्याने वळसा घालायचा. उभ्या पिकातून चालत जाणं हा माझ्या मते चोरीइतकाच गुन्हा आहे.

कालव्याची गोष्ट आणखी सोपी. कालवा समोच्च रेषेला धरून चालतो, उतार अगदी नाममात्र. काठाने देखभालीची वाट असते, चुकण्याचा प्रश्न नाही. सेलू तालुक्यात बोर धरणाचे कालवे आहेत. हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याला पाणी सोडलेलं असलं तर काठाने चालणं म्हणजे चैन. पाणी वाहतं असताना आत उतरू नका मात्र. अस्तर निसरडं असतं आणि एकदा आत गेलेला माणूस सहज वर येत नाही.

आता एक वाट सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते दिवसभराच्या चालीत या भागात हिला तोड नाही. सेवाग्राम, वर्धा, पवनार आणि परत सेवाग्राम असा त्रिकोण. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आतल्या वाटा कशा घ्याल त्यावर थोडं कमी-जास्त. दिशा महत्त्वाची आहे. सकाळी पश्चिमेकडे चालायचं आणि दुपारी पूर्वेच्या बाजूने परतायचं, म्हणजे ऊन बहुतेक वेळ पाठीवर राहतं. सेवाग्राम वर्ध्याच्या पूर्वेला असल्याने हे आपोआप जमतं. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी अर्धा तास निघालेलं चांगलं.

पहिला टप्पा आठ किलोमीटरचा, वर्ध्याच्या मगनवाडीपर्यंत. ही वाट उलटी कोण चाललं होतं ते लक्षात ठेवून चाला. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी पहाटे मगनवाडीहून पायी निघून या गावी राहायला आले. तेव्हा त्यांचं वय ६६ होतं, आणि एप्रिलअखेर असूनही पहाटे निघाल्यामुळे ते उन्हातून वाचले. गावाचं नाव तेव्हा शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ झालं. मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, १९३८ चं. मेकॅनिकलवाल्यांनी तिथले चरखे जरूर पाहावेत. एका माणसाच्या ताकदीवर चालणारं यंत्र कसं सुधारत नेलं ते समोर मांडलेलं दिसतं. वर्ध्यात नाश्ता करा, गोरसपाक बांधून घ्या. चालताना खायला त्याच्याइतकी टिकाऊ आणि चविष्ट गोष्ट मला अजून सापडलेली नाही.

तिथून नागपूरच्या दिशेने गोपुरीला गीताई मंदिर. मंदिर म्हणायचं पण छप्पर नाही, मूर्ती नाही. गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा ओळीने उभ्या आहेत, १९८० पासून. गोपुरी सोडली की हायवेचा थोडा कंटाळवाणा तुकडा येतो. तो टाळायला डावी-उजवीकडच्या वावरवाटा विचारत जा. इथे तुम्हाला हमखास विचारलं जाईल, ‘काऊन बे पोट्टेहो, पैदल काऊन चाल्ले? गाडी नाही भेटली का?’ ‘असंच, हौस म्हणून’ हे उत्तर कुणाला पटत नाही. ‘पवनारला चाललो’ म्हटलं की लगेच पटतं. पायी जायला कारण लागतं आणि पवनार हे कारण सगळ्यांना मान्य आहे!

पवनार हा या चालीचा कळस. धाम नदीच्या पात्रात काळे बेसाल्टचे खडक उघडे पडलेत, त्यावर पाय सोडून बसता येतं. काठावर विनोबांचा आश्रम. इथे खोदकामात जुनी शिल्पं सापडली, भरतभेटीचं शिल्प त्यातलंच. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं वा. वि. मिराशींचं मत होतं. पण चालणाऱ्याने इथे दुसऱ्या कारणासाठी थांबावं. १९५१ च्या सप्टेंबरात विनोबा इथून दिल्लीला पायी निघाले आणि भूदानासाठी देशभर चालत राहिले, ते १९६४ मध्ये परत आले. आपण एका दिवसाच्या पंचवीस किलोमीटरचं कौतुक करतो! पुढे १९८२ मध्ये विनोबा इथेच गेले. आश्रमात शांतता पाळा, मोबाइलवरची गाणी बंद ठेवा, हे सांगावं लागू नये.

शेवटचा टप्पा पवनारहून वरूडच्या बाजूने सेवाग्रामला. सरळ रेषेत सहा किलोमीटर, प्रत्यक्षात आठेक. डिसेंबरात तूर पिवळी झालेली असते, कापूस वेचणी चालू असते. पाय इथे बोलायला लागतात. सपाटीवर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. पंचवीस किलोमीटरला तीसेक हजार पावलं, तेच स्नायू, तळव्याची तीच जागा. डोंगरात चढ-उताराने जी अदलाबदल होते ती इथे नाही, म्हणून फोड लवकर येतात. नवे बूट घालून येऊ नका, जाड मोजे घ्या, आणि तळवा गरम लागला की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून काही उपयोग नाही.

जमिनीबद्दल एक. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, हे सॉइल मेकॅनिक्समध्ये लिहून मार्क मिळवलेत. पावसाळ्यात ती बुटाला किलो-किलोने चिकटते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पांधणीचं नाव काढू नका. दिवाळीनंतर बंडीच्या चाकोऱ्या सिमेंटसारख्या घट्ट होतात. तिथे घोटा मुरगळतो, चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून चाला.

आणि आता उन्हाबद्दल. इथे मी थट्टा करणार नाही. सह्याद्रीत दरी दिसते म्हणून माणूस सावध असतो. आपल्याकडे धोका दिसत नाही, वारा असला की घामही लगेच वाळतो आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपात गावातले लोकसुद्धा दुपारी दाराबाहेर पडत नाहीत. मोठी चाल फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. होळीनंतर बंद, कुणी कितीही म्हटलं तरी. हिवाळ्यातही माणशी तीन लिटर पाणी, आणि लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, असं एक बाटलीत वेगळं. सोबतचा माणूस चिडचिड करू लागला, डोकं दुखतं म्हणाला, मळमळतंय म्हणाला, तर सावलीत बसवा, पाणी पाजा आणि तिथून गाडी पकडा. तो असंबद्ध बोलू लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. कपडे ओले करा, वारा घाला, तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका आणि मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. चाल पूर्ण करायच्या हट्टापायी हे टाळू नका.

दुसरा न दिसणारा धोका तारांचा. रानडुकरांच्या त्रासाने शेतकरी हैराण आहेत. बरेच जण सौर झटका मशीन लावतात, त्याचा नुसता हिसका बसतो. पण काही ठिकाणी खांबावरून थेट करंट सोडलेला असतो आणि त्याने माणसं मेली आहेत. इलेक्ट्रिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून अंधार पडल्यावर वावरात पाय नाही, आणि धुऱ्यावरच्या कोणत्याही तारेला हात नाही. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात परवानगीशिवाय पायी जाता येत नाही, आणि हिंगणीकडच्या बाजूला वाघ काही फलक वाचून हद्द पाळत नाहीत. पुलगावकडे लष्कराचं दारूगोळा भांडार आहे, तिकडे नकाशा घेऊन भटकणं म्हणजे फुकटची चौकशी ओढवून घेणं.

त्रिकोण जमला की पुढची चाल केळझरची. पवनार, सेलू आणि पुढे केळझर, जमेल तिथे कालव्याच्या काठाने. तिथे टेकाडावर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि बकासुराची एकचक्रा नगरी ती हीच असं गावकरी सांगतात. जुन्या नकाशावरची पांधण मध्येच समृद्धी महामार्गाच्या भरावाला जाऊन धडकली तर कुंपण ओलांडायचा विचार करू नका. भरावाच्या कडेने गेलं की खालून जाणारा बोगदा सापडतो, गुरंढोरं तिथूनच जातात. ही चाल एकाच बाजूची ठेवा, परत यायला नागपूर-वर्धा मार्गावरची एसटी आहे. शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा, आणि मेसवाल्या काकांना रात्रीचे डबे झाकून ठेवायला सांगून निघा.