दुचाकीस्वाराचे कान

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग वैजापूर तालुक्यांतून गेला आहे. परंतु त्यावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळें वैजापूरच्या मोटारसायकलस्वाराला जुना रस्ताच धरावा लागतो. छत्रपती संभाजीनगरपर्यंतचें अंतर, किंवा १९८५ सालापासून जेथें बजाजचा कारखाना आहे त्या वाळूजपर्यंतचा पल्ला, नित्य कापणाऱ्याचें डोकें शिरस्त्राणामुळें सुरक्षित असेल. कानांचें काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

मोटारसायकलचा गोंगाट म्हटला, कीं सायलेन्सर बदललेली बुलेट डोळ्यांसमोर उभी राहते. अशा सायलेन्सरांवर पोलिसांनीं रोडरोलर फिरवल्याचीं दृश्यें महाराष्ट्रांतील शहरांत अनेकांनीं पाहिलीं आहेत. तो उपद्रव खरा. पण तो अधिक करून रस्त्याकडेच्या रहिवाशांना. स्वाराच्या कानाचा वैरी निराळा आहे, आणि तो म्हणजे वारा. ताशीं ६० किलोमीटरांच्या पुढें गाडी गेली, कीं इंजिनाचा आवाज मागें पडतो आणि हेल्मेटवर आदळून भोवरे घेणाऱ्या हवेचा गडगडाट सुरू होतो. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत झालेल्या संशोधनांत हनुवटीखालची हेल्मेटची कड हें या आवाजाचें एक प्रमुख उगमस्थान आढळलें. यावरून हेल्मेटच नको, असा तर्क कोणी काढूं नये. उघड्या कानावर वारा काहीं कमी आदळत नाहीं.

हेल्मेटच्या आंत, कानापाशीं, ६० च्या वेगाला सुमारे ९० डेसिबल आणि १६० ला सुमारे ११० डेसिबल आवाज मोजला गेला आहे. ८० च्या वेगाला तो ९५ च्या घरांत जातो. येथें साधी बेरीज चालत नाहीं. तीन डेसिबल वाढले, कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते. म्हणून अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनें ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगितली असून दर तीन डेसिबलांस ती निम्मी केली आहे: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला अवघा १. या हिशेबानें ८० च्या वेगानें निघालेला वैजापूरचा स्वार संभाजीनगरला पोहोचतां पोहोचतांच दिवसाचा वाटा संपवून बसतो. परतीचा प्रवास सारा उधारीवर. गंमत अशी, कीं कारखान्याच्या दाराआंत कामगाराच्या कानासाठीं नियम आहेत. दाराबाहेरच्या रस्त्यावर त्याचा कान त्याच्याच हवालीं.

अंतर्कर्णांतील शंखाकृति नलिकेंत सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. गोंगाटानें त्या प्रथम थकतात: गाडीवरून उतरल्यावर घरचीं माणसें दुरून बोलल्यासारखीं वाटतात, कानांत बारीक सूर घुमत राहतो. रात्रीच्या विश्रांतीनें हें जातें, आणि म्हणूनच त्याची कोणी पर्वा करीत नाहीं. वर्षानुवर्षें असें होत गेलें म्हणजे त्या पेशी मरतात, आणि माणसाच्या शरीरांत त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. पहिला घाला ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांवर पडतो. मोठा आवाज ऐकूं येतोच, त्यामुळें कोणी स्वतःला बहिरा समजत नाहीं. फक्त 'स'सारखीं बारीक व्यंजनें हरवतात. भाजीवाली 'साठ' म्हणते, त्याला 'आठ' ऐकूं येतें. घरांतहि दोनदोनदां विचारावें लागतें, आणि पत्नी त्याला दुर्लक्ष समजते.

उपाय स्वस्त आहे. औषधांच्या दुकानांत फोमचे इयरप्लग, म्हणजे कानांत घालावयाचीं मऊ बुचें, मिळतात. बूच बोटांनीं वळून बारीक करावें, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा कांठ वर व मागें ओढावा, बूच आंत सारावें आणि तें फुगेपर्यंत अर्धें मिनिट धरून ठेवावें. नीट बसलेलें बूच २० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज उतरवतें. वरवर खोचलेलें जवळजवळ व्यर्थ. कापसाच्या बोळ्यानें तें काम होत नाहीं. मानेभोवतीं घट्ट गुंडाळलेला रुमाल हनुवटीखालची फट बुजवून थोडी मदत करतो. गाणीं ऐकण्याचे इयरफोन मात्र उलटेच काम करतात, कारण वाऱ्यावर मात करण्यासाठीं गाण्याचा आवाज त्याहून चढवावा लागतो.

बुचें घातल्यावर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकूं येईल काय, ही शंका रास्त आहे. बूच वारा आणि हॉर्न या दोघांनाहि खालीं आणतें. हॉर्न वाऱ्याच्या वर जितका होता, जवळजवळ तितकाच वर राहतो. प्रखर उजेडानें डोळे दिपावेत तसा मोठ्या गडगडाटानें कान दिपतो. तो भार उतरला, कीं निरनिराळे आवाज अधिक स्पष्ट ओळखूं येतात. हें वेगांतलें झालें. वैजापूरच्या बाजारपेठेंतून हळू जातांना वाराच नसतो. तेथें बुचें काढलेलीं बरीं. ज्याला आधींच कमी ऐकूं येतें, त्यानें डॉक्टरांना विचारल्यावांचून तीं वापरूं नयेत.

रोज लांबचा प्रवास करणाऱ्यानें एकदां कानांची तपासणी करवून घ्यावी. कान-नाक-घशाचे डॉक्टर तिचा आलेख काढतात. वयोमानानें आलेल्या बहिरेपणांत त्यावरील रेषा उंच सुरांकडे उतरतच जाते. गोंगाटानें झालेल्या हानींत ती बहुधा ४,००० पाशीं खळग्यांत पडते आणि ८,००० पाशीं पुन्हां थोडी वर येते.