मृग : आकाशातला आणि शेतातला

निर्मलहून पश्चिमेस भैंसा-मुधोळच्या बाजूला गेले म्हणजे एकाच बांधावर दोन भाषा ऐकू येतात. जूनची ७ किंवा ८ तारीख उजाडली की मराठी शेतकरी म्हणतो, ‘मृग लागला’. त्याचा तेलुगू शेजारी म्हणतो, ‘मृगशिर कार्ते’ आली, आणि त्या दिवशी त्याच्या घरी मासे शिजतात. काळ्या रानात सरकी टोबण्याची वेळ याच नावाने ठरत आली आहे. परंतु त्या रात्री मृग पाहण्यासाठी कोणी अंगणात आला, तर त्याला तो दिसावयाचा नाही. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. आणि सूर्यासोबतच्या तारका त्याच्याबरोबरच उगवतात व मावळतात.

मृग पाहावा तो थंडीत. जानेवारीच्या अखेरीस, रात्री नवाच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून मान वर करावी. निर्मल सुमारे १९ अक्षांशांवर आहे. म्हणून माथ्यापासून जवळजवळ तितकेच अंश दक्षिणेस तीन तारका एका ओळीत दिसतील. तो बाण. भोवतालचे चार ठळक तारे हे हरिणाचे पाय. त्यांतला वर डावीकडचा तांबूस तो काक्षी, म्हणजेच आर्द्रेचा तारा. खाली उजवीकडचा निळसर पांढरा तो राजन्य. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी नुसत्या डोळ्यांना कळावे इतका मंदावला, आणि आता त्याचा स्फोट होणार अशी बोलवा उठली. पुढे आढळले की त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूतून जमलेली धूळ आड आली होती. बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असून तेथे आजही नवे तारे जन्मास येत आहेत.

ऐतरेय ब्राह्मणात याची कथा आहे. प्रजापती मृगरूपाने आपल्याच कन्येच्या मागे धावला. देव संतापले आणि रुद्राने त्याला बाणाने विंधले. कथेचा पुरावा आकाशातच पाहा. बाणाची रेषा वायव्येस वाढविली तर ती रोहिणीजवळ जाते, आग्नेयेस वाढविली तर व्याधाजवळ! ग्रीकांनी मात्र याच तारकांत ओरायन नावाचा शिकारी पाहिला. आपली शिकार, तो त्यांचा शिकारी.

लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ ग्रंथात या नक्षत्रावरून वेदांचा काळ काढला. वसंतसंपात मृगात होता तो काळ, इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांचा, असा त्यांचा सिद्धांत. तो सर्वांनी मानला नाही. पण ज्या गतीवर तो उभा आहे ती खरी आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतो.

याचा अर्थ शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. वराहमिहिराच्या काळी मृग मेच्या मध्यास लागत असे. पाऊस नक्षत्राला बांधलेला नाही. तो ऋतूबरोबर, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येतो. मृग लागला म्हणून कोरड्या मातीत बी टाकावे, एखादी सर पडून अंकुर फुटावेत आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडावी, असे झाले म्हणजे दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीने आणावे लागते. ओल वीतभर खाली उतरली की नाही, हे मातीत हात घालूनच पाहावे लागते. आणखी २००० वर्षांनी तर मृग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल, आणि तोवर या रानातली पिके गुडघाभर झालेली असतील.