पाच वर्षं भरायच्या आत

मूळ पगार १०,००० रुपये धरला, तर कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या बाईच्या पीएफ खात्यात महिन्याला १,५६७ रुपये पडतात. तिचे १२ टक्के म्हणजे १,२०० कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले ८३३ पेन्शनकडे जातात आणि ३६७ पीएफमध्ये येतात. चार वर्षांत व्याज सोडून ७५,२१६ रुपये होतात. मुलीची फी, खोलीचं डिपॉझिट, सावकाराचं देणं फिटेल एवढी ही तिची एकमेव पुंजी.

ती हातात यायची कशी? २०१६ साली नोकरीत राहून लग्नासाठी किंवा दहावीनंतरच्या शिक्षणासाठी अ‍ॅडव्हान्स हवा असेल, तर सात वर्षांचं सभासदत्व लागे, आणि तेव्हाही स्वतःच्या हिश्श्याचा निम्माच मिळे. शाळेच्या फीसाठी तोही नाही. नोकरी सोडून दोन महिने बिनकामाचं राहिलं, की मात्र सगळी रक्कम मिळे. म्हणून बाया नोकरी सोडत.

त्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: मालकाचा हिस्सा ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. १८ आणि १९ एप्रिलला बंगळुरूच्या कपडा कारखान्यांतले हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य बाया, रस्त्यावर उतरले. होसूर रोड ठप्प झाला. १९ तारखेलाच सरकारने नियम मागे घेतला. पीएफ त्यांच्यासाठी म्हातारपणाची सोय नव्हती, अडीनडीची होती, हे त्या दोन दिवसांत साऱ्या देशाला दिसलं.

पण नोकरी सोडून दुसरीकडे गेलं तर पगारात तोटा होत नाही का? फारसा नाही. कारखाने किमान वेतनाच्या आसपासच पैसे देतात, आणि तो दर सरकार ठरवतं. दहा वर्षं कॉलर जोडणारी आणि दोन वर्षं जोडणारी यांच्या पगारात फरक नाममात्र असतो. मग जुन्या लाइनला चिकटून राहायचं कशासाठी? ताशी १०० पीसचं टार्गेट म्हणजे एका पीसला ३६ सेकंद. पाच मिनिटं बाथरूमला गेलं की आठ पीस मागे, आणि परत येताच सुपरवायझरचा आवाज. हे चार वर्षं सोसल्यावर शेजारच्या कारखान्यात निदान माणसं तरी नवी असतात.

तोटा होतो तो ग्रॅच्युइटीत. कायद्याने दर वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळतो, पण पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतरच. त्याच १०,०००वर चार वर्षांचे २३,०७७ रुपये होतात. चार वर्षांनी सोडणारीला त्यातला रुपयाही मिळत नाही. ते मालकाकडेच राहतात. ‘या बाया टिकत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून पाहावा.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या कामगाराला पाच वर्षांची अट नाही. कायम कामगाराला ती आहे. त्याचीही अट काढून टाका.